टवका

लिफ्ट पडली तेव्हा अंडी तिच्या हातात होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं पुढं ती त्याच्या हातात गेली. खरीखुरी नाही, गोष्टीतली. खरीखुरी अंडी तिनं त्याच संध्याकाळी उकडून, सोलून वन्संच्या ताटात वाढली होती आणि वन्सं म्हणाल्या होत्या, मीठ जरा पुढं आहे. पण नवरा गोष्ट सांगायला बसला की म्हणायचा, "मी लिफ्टमध्ये होतो. हातात अंड्यांचा ट्रे. तिसऱ्या मजल्यापाशी वर काहीतरी खाटकन तुटलं, दिवा गेला, आणि पायाखालची जमीनच गेली." इथं तो थांबायचा. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला माणूस, कुठं थांबायचं ते त्याला बरोबर कळायचं. सगळी बिल्डिंग त्याला सरच म्हणायची. "आणि सांगतो, एकही अंडं फुटलं नाही," असं म्हणून सर दोन्ही हात असे पुढं धरायचे, की समोरच्याला ट्रे दिसायलाच हवा. ती स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे धरून उभी असायची. तोही ट्रेच होता, पण त्याच्याकडे कोण बघतो? मी होतो, मी पडलो, माझ्या डोळ्यांसमोरून सगळं सरकलं. एवढी ऐसपैस गोष्ट, तिच्यात लिफ्ट आली, दोर आला, अंधार आला, मेली अंडीसुद्धा आली, आणि बायको तेवढी आली नाही.

तसं घडलेलं काही मोठं नव्हतं. पेपरात आलं नाही. लिफ्ट घसरत खाली आली ती पहिल्या मजल्याच्या जरा खाली तिच्याच कुठल्याशा पकडीनं कचकन धरली गेली. दोघं गुडघ्यांवर आपटले. तळमजल्यावर शिंप्याचं दुकान होतं, त्यानं आणि वॉचमननं दार उचकटून दोघांना ओढून बाहेर काढलं, पाणी पाजलं, बस्स. पण नवरा बाहेर आला तो वेगळाच होऊन आला. म्हणजे आधी तो तसं म्हणायला लागला, मग लोकांना ते पटायला लागलं, आणि वाईट म्हणजे तिलाही पटायला लागलं, कारण तो खरोखरच बदलला होता. दर वर्षी जादा पेपर तपासायला घ्यायचे आणि दर वर्षी कुरकुरायचं, असा त्याचा शिरस्ता. या वर्षी त्यानं मुख्याध्यापकांना तोंडावर सांगितलं, नाही घेणार. कारण दिलं नाही. सकाळी उठून नदीच्या पुलापर्यंत चालत जायला लागला. चहा आपला आपण करून घ्यायला लागला, ताट आपलं आपण घासायला लागला, डबा नको म्हणाला, "शाळेत कँटीन आहे की." पलंग सोडून बाहेरच्या खोलीत सतरंजीवर झोपायला लागला, म्हणे वाचत पडतो, तुला दिव्याचा त्रास नको. पूर्वी टॉवेल जागेवर नसला तर घर डोक्यावर घेणारा हा माणूस, आता ओल्या अंगानं नुसता उभा राहून हसायचा. आणि लोक यायला लागले. आधी शेजारी, मग शाळेतले, मग शेजाऱ्यांचे पाहुणे. सर, त्या वेळी तुम्हाला नक्की काय वाटलं हो? सर सांगायचे, मरण आपल्याच लिफ्टमधून रोज येत-जात असतं, अगदी खांद्याला खांदा लावून उभं असतं. आपण मात्र मजल्यांचे आकडे बघत राहतो. म्हणून जे जगायचं ते आपलं जगावं, उसनं जगू नये. एका बाईनं तर डोळे पुसले. खांद्याला खांदा लावून मरण उभं होतं म्हणे. खांद्याला खांदा लावून ती उभी होती!

तिचा जळफळाट व्हायचा. याला दुसरा बरा शब्द नाही आणि तिनं तो शोधलाही नाही. आजवर कशाकशाचा हेवा केला ते तिला पाठ होतं. धाकट्या जावेच्या केसांचा, शेजारणीच्या पूर्वेकडच्या खिडकीचा, लहानपणी बहिणीला आलेल्या तापाचा, कारण आई तिच्या उशाशी बसून राहायची. पण नवऱ्याच्या मरणाचा, आणि तेही न आलेल्या, हेवा करायची पाळी येईल असं काही तिला वाटलं नव्हतं. एकच लिफ्ट, एकच दोर. पडायला दोघं सारखेच पडले. त्यातून त्याला मिळाला साक्षात्कार आणि हिला मिळाला टवका. वरच्या पुढच्या दाताचा कोपरा गेला होता, असेल तिळाएवढा. समोरच्याला दिसायचाही नाही, जिभेला मात्र दगडाएवढा लागायचा. कुणी हिला विचारलं नाही की बाई, तुला काय दिसलं? आणि विचारलं असतं तर ती काय सांगणार होती कपाळ? भांडी घासताना, कपडे वाळत घालताना ती पुन्हा पुन्हा त्या अंधारात शिरून बघायची. खाटकन आवाज, पोट वर, आणि मग? मग अंडी. धर, अंडी धर. त्याच्या पुढं काही नाही. मरताना जे दिसतं तेच माणसाचं खरं आयुष्य, असं नवरा म्हणायचा, आणि समोरची माणसं माना हलवायची. म्हणजे हिचं खरं आयुष्य डझनभर अंडी? त्या दिवशी ती पकड लागली नसती तर ही जगातून गेली असती, आणि गेलं कोण, असं विचारलं तर उत्तर काय होतं? एका सकाळी तो गेल्यावर तीही गुपचूप पुलापर्यंत चालत गेली. आपल्यालाही होऊन जाऊ दे साक्षात्कार, म्हणाली. कठड्याला टेकून तिनं नदीकडे बघितलं, अगदी मन लावून बघितलं, आणि वाहत्या पाण्यावरून तिला आठवलं की मोरीतला नळ चालू राहिलाय. तशीच धापा टाकत घरी आली. नळ बंदच होता.

कामावर तरी बरं होतं. ती कवळ्या करायची. गल्लीच्या टोकाला एक छोटी लॅब होती, तिथं दातांच्या डॉक्टरांकडून आलेल्या छापांचे साचे ओतायचे, मेणात एकेक दात बसवायचा, आणि मग मेण काढून गुलाबी हिरडी घालायची, हे काम लग्नाच्या आधीपासून तिच्या हातात होतं. दात सरळ रेषेत बसवले की कवळी खोटी दिसते, हे ती पहिल्या वर्षातच शिकली होती. एखादा दात जरासा वाकडा, एखादा जरा आत, म्हणजे माणूस हसला की माणूसच वाटतो. बिल्डिंगमधली पोरं तिला दातवाल्या काकू म्हणायची, त्याचं तिला काही वाटायचं नाही. दारामागच्या फळीवर न नेलेल्या कवळ्या असायच्या. करायला टाकून माणूस न्यायला यायचाच नाही. का ते सगळ्यांना माहीत असायचं, पण कवळी टाकून द्यायची नाही असा तिथला रिवाज होता. मालकांना कुणी विचारलं तर म्हणायचे, अहो, तोंड आहे ते कुणाचं तरी. एकदा एक मुलगा आपल्या वडिलांची कवळी मागायला आला होता. वडील आदल्या दिवशी गेले होते. आता लावता येईल का हो, त्यानं विचारलं, शेवटचं बघायला येतील ना लोक. तिनं त्याच्या देखत ती कवळी पुन्हा एकदा पॉलिश केली, खरं तर गरज नव्हती. तिनं फार निगुतीनं बसवलेले दात होते ते, एकदाही घास न चावलेले. टवका पडल्यापासून त्या फळीकडे तिची नजर उगाचच जायला लागली होती. सगळं तयार, जागच्या जागी, फक्त वापरलेलं नाही.

रविवारी वन्सं यायच्या. वन्संचे यजमान कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेले. रविवारी त्यांचे दीर येऊन यजमानांपाशी दोन तास बसायचे, तेवढ्या वेळात वन्सं भावाकडे धाव घ्यायच्या. आल्या की पिशवी मांडीवर ठेवूनच बसायच्या, औषधांची, आणि डोळ्यांत प्राण आणून दादाचं बोलणं ऐकायच्या. त्या रविवारी त्यांनी विचारलं, "दादा, तेव्हा तुझ्या तोंडात काय आलं रे? देवाचं नाव वगैरे?"

"कुणाचंच नाव नाही गं," नवरा म्हणाला. "शांतता. अशी शांतता मी जन्मात कधी ऐकली नव्हती."

शांतता! त्या अंधारात तिच्या उजव्या कानाशी हा माणूस ओरडला होता, आई, आई गं, असा, पंचावन्न वर्षांचा बाप्या, शाळकरी पोराच्या पातळ आवाजात. त्याची आई जाऊन एक तप लोटलं होतं. तेवढं एक पान तिच्या हातात होतं. टाकलं की सगळा डाव खलास. साक्षात्कार नाही, शांतता नाही, काही नाही, भ्यालेलं पोर नुसतं. किती तरी वेळा ते तिच्या ओठांवर आलं होतं आणि दर वेळी तिनं ते मुकाट गिळलं होतं. का, ते तिलाही नीटसं सांगता आलं नसतं. नवऱ्याच्या बऱ्याच आवाजांची तिला सवय होती. त्यांतला तो तेवढा एकच तिला कधी खोटा वाटला नव्हता.

"चहा गार होतोय," ती म्हणाली.

"वहिनी, तुम्ही खालीच होतात ना हो तेव्हा?" वन्संनी बिस्किट उचलत विचारलं. अगदी सहज. त्याच संध्याकाळी हिच्या सुजलेल्या गुडघ्याला तेल चोळलेल्या वन्सं त्या. गोष्ट ऐकून ऐकून त्यांच्याही डोक्यातून वहिनी पार पुसून गेली होती. नवऱ्यानं पटकन हिच्याकडे बघितलं. काहीतरी बोलणार असं वाटलं. मग त्यानं बशीतल्या एका बिस्किटाचे दोन तुकडे केले, त्यांचे चार केले, आणि खाल्लं काहीच नाही.

"होते की," ती म्हणाली, "तिथंच कुठंतरी."

दुसऱ्या दिवशी कामावर जेवणाच्या सुट्टीत तिनं पॉलिशवालीला सांगितलं, माझ्या तोंडाची छाप घे. पॉलिशवाली हिच्याहून पंधरा वर्षांनी लहान आणि जिभेला हाड नसलेली. "काय काकू, एवढ्यात कवळी? सरांना आता नवी कोरी बायको हवीय वाटतं, ज्ञान झाल्यापासून?" "बडबडू नकोस, टवका भरायचाय," ती म्हणाली, ते खोटं होतं. तिला नुसता बघायचा होता. आरशात बघून जीव भरत नव्हता. आपलं तोंड तिला हातात घेऊन बघायचं होतं, जसं ती बाकी सगळ्यांचं बघत आली होती. छाप घेतली, साचे ओतले, वाळल्यावर वरचा आणि खालचा त्या बिजागरीवर बसवले, जिला तिथं सगळे जबडा म्हणायचे. पांढऱ्या प्लास्टरचं आपलं तोंड समोर आलं तेव्हा तिला कसंसंच झालं. कुणीतरी न नेलेलं. वरच्या दाताचा टवका स्पष्ट दिसत होता, आणि खालच्या दाताच्या धारेवरही एक बारीक खाच होती, ती तर जिभेलाही कधी लागली नव्हती. तिनं जबडा मिटला. टवका एकीकडे, खाच दुसरीकडे. खालचे दात वरच्यांच्या मागं गेले, सगळ्यांचे जातात तसे. असे मिटलेले दात कितीही आपटले तरी धारेला धार लागणारच नाही. भ्यालेला माणूस दाढा आवळतो. दाढा आवळून आपटलं की दाढ जाते, अशा किती फुटक्या दाढा तिच्या हाताखालून गेल्या होत्या. तिच्या दाढा शाबूत होत्या. तिनं खालचा साचा हळूच पुढं ओढला. आणखी जरासा. धार धारेखाली आली, खाच टवक्याला अशी बरोबर भेटली की मधून केससुद्धा गेला नसता. ती बघतच राहिली. ही जागा तिच्या रोजच्या ओळखीची होती. मेणाची कवळी पहिल्यांदा तोंडात घालून बघतात, तेव्हा डॉक्टर माणसाला म्हणायला लावतात, सात, सतरा, सत्तावीस म्हणा. ‘स’ म्हणताना खालचा जबडा असा पुढं येतो. दात आवळलेले नसतात तेव्हा. माणूस बोलत असतो तेव्हा.

म्हणजे ती बोलत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, त्यातली गत. दीड महिना जे शोधत होती ते तोंडातच होतं. तिनं डोळे मिटले, टवक्याला जीभ लावली आणि जबडा त्या जागी आणला, आणि मग आठवायला लागलंच नाही, ते नुसतं आलं. त्या संध्याकाळी लिफ्टमध्ये शिरताना ती मनात मोजत होती. अंडी उकडायची, वन्संना कमी तिखट, गच्चीतले कपडे काढायचे, याचा निळा शर्ट इस्त्री करायचा, मुलाला फोन, प्लंबरला फोन, उद्याच्या दोन कवळ्यांचं मेण, याला सांगायचं की डबा धुऊन ठेवत जा, नको, सांगायला नको, सांगण्यापेक्षा आपणच धुतलेला बरा. हे असं चालूच होतं, लग्नापासून चालू होतं, झोपेतही चालूच असायचं. आणि खाटकन जमीन गेली. जमिनीबरोबर ते सगळंच गेलं. कपडे गेले, प्लंबर गेला, निळा शर्ट गेला. पोट हलकं झालं, अंग हलकं झालं, हातातली अंडीसुद्धा हलकी झाली. काही म्हणता काही करायचं उरलं नाही. आणि ती, अंधारात, शेजारी नवरा आईला हाका मारत असताना, अगदी मनापासून, जणू कुणी पाठीवरचं पोतं उतरवून घेतलं अशा आवाजात, म्हणाली होती, "सुटले." म्हणता म्हणताच पकड लागली होती आणि दातावर दात आपटला होता.

"काय हो काकू, पांढऱ्या पडलात," पॉलिशवाली म्हणाली. "काही नाही," ती म्हणाली. तिनं साचे पिशवीत घालून घरी नेले आणि आपल्या कपाटात साड्यांच्या मागं ठेवले. दोन-तीन दिवस ती चोरासारखी वावरली. काय दिसलं, काय दिसलं, म्हणून छाती पिटत होती ना? घे. दिसलं. त्याला आयुष्य दिसलं आणि तो ते जगायला लागला, हिला सुटका दिसली आणि पकड लागली की पुन्हा ही अंडी उकडायला. हे कुणाला सांगायचं? दारात उभं राहून लोकांना चहा देत? तरी हेवा काही जाईना, उलट त्याला धार आली. याचं सत्य चारचौघांत सांगता येतं, वर टाळ्या मिळतात. आपलं असं कसं, की उघड केलं तर घर पडेल?

महिनाअखेरीला लिफ्ट पुन्हा सुरू झाली. नवा दोर, आत नवा आरसा. सोसायटीच्या सेक्रेटरींना भारी हौस. त्यांनी रविवारी संध्याकाळी तळमजल्यावर सगळ्यांना बोलावलं, टेबलावर बिस्किटं मांडली आणि म्हणाले, सर दोन शब्द बोलतील आणि पहिली फेरी मारतील. वन्संही आल्या होत्या, पिशवी काखेला लावून जिन्याच्या तोंडाशी उभ्या. सर बोलायला लागले. आवाज खाली, थांबायचं तिथं थांबणं. "मी लिफ्टमध्ये होतो," सर म्हणाले, "हातात अंड्यांचा ट्रे..."

"माझ्या," ती म्हणाली.

शिंप्याच्या शटरला टेकून ती उभी होती. ओरडली नाही. भाजीवाल्यानं चूक हिशेब केला की म्हणावं तशी म्हणाली. "अंडी माझ्या हातात होती."

सगळ्यांच्या माना वळल्या. कुणीतरी हसलं. "म्हणजे? काकू होत्या तुमच्याबरोबर?" सेक्रेटरींनी विचारलं, आणि शिंपी म्हणाला, "होत्या म्हणजे काय, मी स्वतः ओढून काढलंय त्यांना! आधी अंडी वर दिली, मग आल्या." नवऱ्याचा चेहरा बदलला, पण तिला वाटलं होतं तसा रागानं नाही. शाळा सुटल्यावर दप्तर उतरवलेल्या पोरासारखा दिसला तो क्षणभर. "होती," तो म्हणाला, "ही होती." "मग दोघांनी मिळूनच मारा की पहिली फेरी!" सेक्रेटरी घाईघाईनं म्हणाले, टाळ्या झाल्या, दोघांना आत ढकललं आणि दार लागलं.

लिफ्ट नवी असली तरी चालीला जुनीच होती, सावकाश. त्या दिवशी उभी होती तशीच ती त्याच्या डाव्या अंगाला उभी होती. आरशात दोघं दिसत होते, म्हणून दोघंही दाराकडे बघत राहिले.

"शांतता कसली?" ती म्हणाली. "आई म्हणालात तुम्ही. आई, आई गं. दोनदा."

"तीनदा," तो म्हणाला.

तो नाकबूल करेल, चिडेल, अशी तिनं सगळी तयारी केली होती. ती फुकट गेली.

"आणि तू काय म्हणालीस?" त्यानं हळूच विचारलं.

पहिला मजला खाली सरकला. "तुम्ही ऐकलंत?"

"लिफ्ट ती केवढी," तो म्हणाला.

"म्हणून मला वगळलंत?"

"सुरुवातीला म्हणूनच. तुला घेतलं की तुझा शब्द आला. तो मी लोकांना कोणत्या तोंडानं सांगू? मग गोष्ट तशीच बसून गेली. लोक ऐकायला लागले की चढतो गं माणूस." थोडं थांबून तो म्हणाला, "अंडी मात्र घ्यायला नको होती मी."

तिला हसू आलं, ते तिनं दाबलं. तो दाराकडे बघूनच बोलत होता. "हेवा वाटला मला तुझा. मी तिथं कुत्र्यासारखा भ्यालोय, गेलेल्या आईला बोलावतोय, आणि शेजारून तू एवढ्या सुखात... तुझा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. इतक्या वर्षांत एकदासुद्धा. चहा करून घ्यायला लागलो, डबा सोडला, बाहेर झोपायला लागलो, ते काय मला मरण दिसलं म्हणून? तू ऐकू आलीस म्हणून."

आधी तिला आनंद झाला, आणि तो काही चांगला आनंद नव्हता. म्हणजे साक्षात्कार हिचा होता! दीड महिना लोक जे ऐकून डोळे पुसत होते, ते हिच्या एका शब्दावर उभं होतं. मग तिला ती बाहेरच्या खोलीतली सतरंजी दिसली, आणि ओल्या अंगानं हसत उभा असलेला तो, आणि आनंद निघून गेला. दुसरा मजला गेला. तिसरा आला, जिथं दोर तुटला होता, आणि दोघांनीही श्वास धरला, आणि तोही गेला.

"कशातून सुटलीस?" त्यानं विचारलं. "माझ्यातून?"

नाही हो, असं म्हणायला एक क्षण लागतो. आयुष्यभर तिनं तेच म्हटलं होतं, दात सरळ रेषेत बसवून. "तुमच्यातून नाही, असं म्हणायला मला आवडलं असतं," ती म्हणाली. त्यानं मान हलवली. "पण नुसतं तुमच्यातून नाही," ती पुढं म्हणाली, कारण तेही खरं होतं. "माझ्यातूनसुद्धा."

चौथ्या मजल्यावर लिफ्ट थांबली, दार उघडलं. तो बाहेर पडला, सवयीनं खिसे चाचपून किल्ली काढली आणि वळून बघितलं तर ती आतच उभी.

"येतेस ना?"

"खाली जाऊन येते. एकटी."

त्यानं विचार केला. "चहा टाकू?"

"टाका."

किती कप ते त्यानं विचारलं नाही आणि हिनं सांगितलं नाही. तिनं बटण दाबलं. खाली येताना आरशात तिनं पहिल्यांदाच नीट बघितलं. ती हसत नव्हती. थोडी भीती वाटत होती, दोराची आणि बाकी सगळ्याचीही, पण ती भीती तिची स्वतःची होती आणि तिला बरी वाटत होती.

खाली लोक अजून बिस्किटं खात उभे होते. "सर कुठायत?" "वर. चहा करताहेत." शिंप्यानं तिच्यासाठी स्टूल सरकवलं आणि म्हणाला, "मग काकू, तुम्हाला काय वाटलं हो तेव्हा?"

दीड महिन्यात कुणी विचारलं नव्हतं ते शिंप्यानं विचारलं. ती स्टुलावर बसली नाही. "मी म्हणाले, सुटले," ती म्हणाली.

"बरोबर आहे," सेक्रेटरींनी मान डोलावली, "जीव वाचल्यावर माणूस म्हणणारच."

"वाचल्यावर नाही," ती म्हणाली. "तेव्हा अजून पडतच होतो आम्ही."

एकानं हातातलं बिस्किट पुन्हा टेबलावर ठेवलं. वन्सं तरातरा पुढं आल्या. "काहीतरीच काय, वहिनी! चारचौघांत असं बोलतात? दादा काय म्हणेल?" बोलता बोलता त्यांनी हिचं मनगट धरलं आणि हिला जिन्याच्या बाजूला ओढलं. काखेतली पिशवी घसरली होती, ती सावरायचंही त्यांना सुचलं नाही. मग त्यांनी अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये असं विचारलं, "आपोआप आलं? म्हणजे ठरवून नाही? तोंडातून आपोआप?"

"आपोआप," ती म्हणाली.

वन्संची घरी जायची वेळ झाली होती, दीर खोळंबले असणार, औषध द्यायचं असणार; पण त्या हलल्या नाहीत, मनगटही सोडलं नाही. हिच्याकडे बघत राहिल्या, हिच्या तोंडाकडे, त्या टवक्याकडे. तो राग नव्हता. त्यांच्या डोळ्यांत काय होतं ते तिनं लगेच ओळखलं, हेवाच तो, घरचाच.